सेफ मोडमधले फोटो

आमच्या घरात राहुकाळात कोणतंही नवं काम सुरू करत नाहीत. चालू असलेलं चालू राहिलं तर हरकत नसते. भात शिजत असेल तर शिजतो, कपडे वाळत असतील तर वाळतात. पण चूल पेटवायची नाही, गावाला निघायचं नाही, नव्या साडीची घडी मोडायची नाही. कुंभकोणमला राहणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. तिरुनागेश्वरम् आमच्या शेजारीच आहे, बसमध्ये बसायला जागा शोधेपर्यंत येतं, आणि तिथे राहूचं देऊळ आहे. राहुकाळात त्याच्यावर दुधाचा अभिषेक करायला लांबून लांबून माणसं गाड्या भरून येतात. शेजाऱ्याच्या वेळा आपण पाळाव्यात, असं हे म्हणतात.

हे म्हणजे माझे यजमान. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बाकी माणूस अगदी व्यवस्थित. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतील, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचतील, देवळात चप्पल कुठे काढली ते विसरणार नाहीत. आणि ह्या व्यवस्थितपणापायीच त्यांनी एका गुरुवारी आमचा कॉम्प्युटर मारला.

झालं असं. सकाळपासून कॉम्प्युटर अपडेट घेत होता. निळा पडदा, त्यावर गोल गोल फिरणारे ठिपके, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं की बंद करू नका, काम झालं की मी आपोआप पुन्हा सुरू होईन. हे समोर खुर्ची घेऊन बसून ते वाचत होते. गुरुवारचा राहुकाळ दुपारी दीडला लागतो. मी आत अप्पळम, आमचे उडदाचे पापड, तळत होते. बाहेरून आवाज आला, "अगं, हा पुन्हा सुरू होईन म्हणतोय. कधी होणार?" मी म्हटलं, झालं की होईल, मला काय विचारता. ह्यांनी घड्याळ पाहिलं. दीडला थोडंच उरलं होतं. आता हा बरोबर राहुकाळात बंद होणार आणि राहुकाळात सुरू होणार, म्हणजे सरळसरळ नवी सुरुवातच झाली. त्यापेक्षा आपणच आत्ता बंद करावा आणि तीननंतर फिल्टरची कापी पिऊन चांगल्या वेळेला चालू करावा, असं त्यांनी ठरवलं, यूपीएसचं बटण दाबलं, आणि पानं घे म्हणाले.

तीननंतर बटण दाबलं तर कंपनीचं नाव आलं, ठिपके फिरले, पडदा काळा झाला, आणि पुन्हा कंपनीचं नाव. पुन्हा ठिपके, पुन्हा काळा. उंबऱ्यापर्यंत येऊन परत वळणाऱ्या माणसासारखं चाललं होतं. संध्याकाळचा दिवा लावेपर्यंत तेच.

त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते आधी सांगते. सासऱ्यांच्या वेळचा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, जुन्या फोटोंनी भरलेला. पगडीवाले, शेंडीवाले, नऊवारीतल्या बायका, मांडीवर बाळं. त्यात कोण कोण आहे हे सांगू शकणारं एकच माणूस उरलं होतं, ह्यांची थोरली बहीण. तिला सगळं घर अक्का म्हणतं. तिचे यजमान गेल्यावर ती पापनाशम्हून आमच्याकडे राहायला आली. हे शेंडेफळ, अक्का सगळ्यांत मोठी, दोघांत बारा वर्षांचं अंतर. डब्यातली निम्मी माणसं ह्यांच्या जन्माआधीच गेलेली. मी तर सून म्हणून मागाहून आलेली.

अक्काला काचबिंदू झाला. एक डोळा गेला होता, दुसऱ्याने भिंग लावून दिसत होतं. तेव्हा मी ठरवलं की दिसतंय तोवर हे काम उरकून घ्यावं. मुलाने दिलेला स्कॅनर होता. रोज दुपारी एकेक फोटो स्कॅन करायचा, मग अक्काच्या हातात द्यायचा. ती भिंग लावून पाहायची, कोण ते सांगायची, आणि मी समोर माइक धरून तिचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायची. फोटोला आणि आवाजाला एकच आकडा द्यायचा म्हणजे जोडी चुकत नाही. हे मी माझं मीच शोधून काढलं होतं. मला कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही. मुलाने जुना टाकून दिलेला घरात पडून होता, दाबून दाबून शिकले. देवनागरी टाइप करायलाही तशीच शिकले. आमच्या घरांत मराठी तामिळ अक्षरांत लिहायची पद्धत. देवनागरी अक्षरं मला आली ती लहानपणी दिलेल्या हिंदीच्या परीक्षांमुळे, आणि ही असली मराठी लिहायला आली ती पुस्तकं वाचून.

डबा संपला, काम संपलं. मग ऐप्पसी महिन्याच्या पावसात माळ्यावरची कौलं गळली आणि डब्यातले फोटो एकमेकांना चिकटून त्यांची एक वीट झाली. सोडवायला गेलं की एकाचं तोंड दुसऱ्याच्या पाठीला लागून यायचं. त्याच वर्षी अक्काचा दुसरा डोळाही गेला. म्हणजे आता चेहरे आणि त्यांची ओळख दोन्ही कॉम्प्युटरच्या त्या एका पेटीत होतं, दुसरीकडे कुठेही नाही. दुसरी प्रत का नाही काढून ठेवलीत, असं सून नंतर म्हणाली. काढायची असते हे मला ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या सगळ्याच गोष्टी माणूस करतो असं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. माइक समोर आला की अक्का बदलायची. एरवी ती बोलते आमचं तंजावरचं मराठी. मराठा राजांच्या वेळी आमची घराणी महाराष्ट्रातून इकडे आली, भाषा घेऊन आली, मग तिकडची भाषा पुढे गेली आणि आमची इथेच कावेरीकाठी बसून राहिली. तिच्यात तामिळ मिसळत गेलं. दाराबाहेर आम्ही तामिळच बोलतो, दार लावलं की हे. तिकडची माणसं आली की मान जराशी वाकडी करून ऐकतात. तर अशी ही अक्का माइक पाहिला की झोपाळ्यावर ताठ बसायची, पदर खांद्यावरून ओढून घ्यायची आणि टीव्हीवर मराठी बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलायची. "हे माझे थोरले काका आहेत. ते शिक्षक होते." संपलं. माइक बंद केला की पाय वर घेऊन आपलं बोलणं सुरू. मी एकदा विचारलंही, अक्का, तुम्ही असं का बोलता. तर म्हणाली, कुणीतरी ऐकणार आहे ना.

शुक्रवारी ह्यांनी पेटी रिक्षात घालून बसस्टँडजवळच्या दुकानात नेली. मांडीवर घेऊन बसले होते, डोस पाजायला न्यावं तसं. दुकानातल्या माणसाने दोनचार बटणं दाबली आणि फॉरमॅट करावं लागेल म्हणाला. म्हणजे काय होईल, असं ह्यांनी विचारलं. मशीन नव्यासारखं होईल, आतलं सगळं जाईल. माणूस सरळ होता. आतलं वाचवायचं तर त्रिचीला पाठवावं लागेल, तिथेही मिळेलच असं सांगता येत नाही, हेही त्याने सांगून टाकलं. हे विचार करतो म्हणाले आणि पेटी परत आणली. त्या दिवशी जेवताना ताक मागितलं नाही. ताक मागितलं नाही म्हणजे काय ते मला कळतं.

अक्काला सांगितलं. तिने झोपाळा थांबवला नाही. "गेले तर गेले. ते लोक तरी कोठें राहिले आहेत," म्हणाली. अक्काचं बोलणं मी ती बोलली तसंच लिहिते आहे. आम्ही दोघंही तसंच बोलतो, पण आमचं लिहिताना हात आपोआप पुस्तकी वळण घेतो.

सून होसूरला असते, कॉम्प्युटरच्याच कंपनीत. तिला शुक्रवारी रात्री कळवलं. दुकानात अजिबात देऊ नका, आधी सेफ मोडमध्ये जाऊन बघू, ती म्हणाली. मी सेफ मोड हे शब्द वाचलेले होते, पण गेले कधी नव्हते. म्हटलं, ते काय असतं गं? ती म्हणाली, घरात ताप आलेला माणूस असला की आपण काय करतो, पाहुणे नकोत, टीव्ही नको, नुसती भाताची कंजी. तसंच. उठून बसण्यापुरतं जे लागतं तेवढंच घेऊन कॉम्प्युटर उठतो, बाकीचं सगळं बाहेर ठेवतो. त्या बाकीच्यातलं काहीतरी बिघडलेलं असेल तर तो असा उठू शकतो, आणि एकदा उठला की आपल्याला आत हात घालता येतो. आत गेल्यावर पहिलं काम फोटो आणि आवाज पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचे, दुरुस्तीचं मग.

तिथे पोहोचायचं कसं, तर तो सुरू होत असताना मध्येच बंद करायचा. असं दोनतीनदा केलं की त्याला स्वतःलाच कळतं काहीतरी चुकतंय, आणि तो एक निळं पान पुढे करतो.

फोन स्पीकरवर होता. हे म्हणाले, "म्हणजे मी केलं तेच?"

"तेच अप्पा," सून म्हणाली. "फक्त आता मुद्दाम."

शनिवारी राहुकाळ सकाळीच आटोपतो, त्यामुळे शनिवार बरा पडला. अकरा वाजता बसलो. पंचांग हे शेजारी घेऊन बसले होते. त्याची गरज नव्हती, पण त्यांना बरं वाटत होतं. बटण कोण दाबणार हा प्रश्न निघाला. मी हात पुढे केला तर म्हणाले राहू दे, माझ्या हाताने झालंय ते माझ्याच हाताने होऊ दे. ठिपके फिरू लागले की त्यांनी बटण दाबून धरायचं, अंधार झाला की सोडायचं.  

शेवटी एकदाचं ते निळं पान आलं. त्यावर इंग्रजीत बारीक बारीक पर्याय. मी एकेक वाचायची, मराठीत सांगायची, सून फोनवरून कोणतं दाबायचं ते सांगायची. बिघाड शोधा, मग पुढचे पर्याय, मग सुरुवातीच्या सेटिंग. त्यानंतर त्याने पुन्हा एकदा बंद होऊन चालू होऊ का म्हणून विचारलं. ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. मग आकड्यांचं एक पान आलं, त्यात चौथा सेफ मोड. चार दाबला.

उठला.

पण काय रूप. गोविंदपुरम्च्या विठोबा-रखुमाईचा फोटो मी पडद्यावर मागे लावलेला होता, तो नाही. सगळं काळं. चित्रं मेदुवड्याएवढी मोठी झालेली. आणि चारही कोपऱ्यांत सेफ मोड, सेफ मोड असं इंग्रजीत लिहिलेलं, आल्बममध्ये फोटो बसवायला चार कोपऱ्यांत कागदी त्रिकोण लावतात ना, अगदी तसं. हे म्हणाले, म्हाताऱ्याचे दात काढून ठेवल्यासारखा दिसतोय. मी फोल्डर उघडलं. सगळे आकडे जागच्या जागी होते, फोटोही आणि आवाजही.

पेन ड्राइव्ह लावला, उतरवून घ्यायला सांगितलं, हिरवी रेघ सरकायला लागली. सून म्हणाली आता वेळ लागेल, झालं की फोन करा. जाता जाता म्हणाली, सेफ मोडमध्ये आवाज येत नाही हं, फाइल वाजली नाही तर घाबरू नका, आवाजाचं सामान त्याने बाहेर ठेवलेलं असतं.

हे ऐकूनही ह्यांनी एक आवाज लावून पाहिलाच. नाही वाजला. मग फोटो उघडला. तो उघडला. एक पगडीवाले गृहस्थ खुर्चीवर बसलेले आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतोय. कोण ते दोघांनाही सांगता येईना. ऐकलेलं होतं मी, स्वतः भरून घेतलेलं होतं, पण इतक्या पगड्यांतली ही कोणती.

झोपाळ्यावरून अक्काने विचारलं, "काय झालें? मिळाले का?"

मी म्हटलं, "फोटो मिळाले अक्का. आवाज नाही येत अजून."

"मग कोण कोण तें कसें कळणार?"

रेघ अजून अर्ध्यावरसुद्धा नव्हती. नुसतं बसून काय करायचं म्हणून मी समोरच्या फोटोत काय दिसतं ते अक्काला सांगायला लागले. पगडी, उजव्या हातात काठी, एक बोट वाकडं. अक्का लगेच म्हणाली, ते थोरले काका. मग थोडं थांबून तिने विचारलं, "हें यंत्र आतां ऐकतें का?"

"नाही अक्का. आज बोलत नाही तसं ऐकतही नाही. माइकसुद्धा बंद आहे."

"बरें," म्हणाली, आणि पाय उचलून झोपाळ्यावर घेतले.

मग त्या थोरल्या काकांचं जे काही निघालं. शिक्षक होते हे खरंच, पण वर्गात पोरांचे भोवरे काढून घ्यायचे आणि घरी आणून संध्याकाळी गच्चीवर स्वतःच फिरवायचे. बोट वाकडं झालं ते भोवऱ्याची दोरी आवळली जाऊन. पुढचा फोटो एका काकूंचा, मोठं कुंकू, नाकात दोन्हीकडे खडे. माइकवर अक्का त्यांच्याबद्दल फार धार्मिक होत्या एवढंच म्हणाली होती, ते मला आठवत होतं. आता कळलं की त्या कापीच्या बियांच्या डब्याची किल्ली अंबाड्यात खोचून ठेवायच्या, आणि न्हायच्या दिवशी अंबाडा सुटला की घरातल्या सगळ्या मुली किल्लीसाठी न्हाणीघराबाहेर टपून बसायच्या. हे हसता हसता खोकायला लागले. मी फोटो पुढे सरकवत गेले, जे दिसेल ते सांगत गेले, आणि अक्का बोलत गेली. तिला इतकं बोलताना मी पाहिलेलं नव्हतं असं नाही, पण ह्या फोटोंबद्दल नव्हतं पाहिलं.

मग एक फोटो आला, स्टुडिओतला. मी सांगितलं, "एक मुलगी उभी आहे अक्का. सोळा-सतरा वर्षांची असेल. शेजारी उंच स्टूल, त्यावर फुलदाणी, तिच्यावर मुलीचा हात. काळी साडी. कानात लोलक."

झोपाळा हळू झाला.

"समोर पाहते का?"

मी नीट पाहिलं. "नाही. कुठेतरी बाजूला बघतेय."

"डाव्या हाताकडे?"

"हो."

"तिकडे माझे बाबा उभे होते," अक्का म्हणाली. "हंसूं नको म्हणून सांगत होते."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसले. मीही पाहिलं. सांगितल्यावर हनुवटी दिसली. आधी कशी दिसली नव्हती कोण जाणे. भिंग लावून हाच फोटो अक्काने हातात धरला होता तेव्हा ती काय म्हणाली होती ते मला पक्कं आठवत होतं. शेजारची कुणीतरी असावी, नाव आठवत नाही.

मग तिने सांगितलं. आवाज चढला नाही की पडला नाही. तो फोटो तिकडे, मुलुखात पाठवण्यासाठी काढलेला. पुण्याकडचं स्थळ होतं. मुलगा शिकलेला. फोटो पसंत पडला आणि माणसं आगगाडीने एवढ्या लांब बघायला आली. मुलगा, त्याची आई आणि आत्या. घरात दोन दिवस आधीपासून तयारी. अक्काला समोर बसवलं. मुलाच्या आईने विचारलं, वाचता येतं का, काय काय वाचलंस. अक्काने उत्तर दिलं. तर आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"वाईट माणसें नव्हती गं. हंसूं आलें त्यांना, तर काय करतील. मग त्यांनी पुन्हा कांही पुसलें. मग आणखी एक पुसलें. मी काय सांगत्यें तिकडे कोणाचें लक्ष नव्हतें. कसें सांगत्यें तेंच ऐकत होते. आत्याबाई म्हणाल्या, ही तर आमच्या पणजीसारखी बोलते."

महिन्याभराने फोटो टपालाने परत आला. बाबांनी तो डब्यात टाकला. पुढे पापनाशम्ला आपल्याच लोकांत अक्काचं लग्न झालं. सुखाचं झालं, असं ती म्हणाली आणि ते खरं आहे. तिचे यजमान मी पाहिलेले आहेत, अक्का बोलायला लागली की हातातलं काम ठेवून ऐकायचे. पण त्या दिवसापासून तिकडचं कुणी भेटलं की अक्का इंग्रजीत बोलायला लागली. आणि मग केव्हातरी टीव्ही आला, त्यावरून तिने तिकडची मराठी ऐकून ऐकून उचलली, लागली तर असावी म्हणून.

"तुझ्या त्या माइकपलीकडे कोण बसलें आहे हें मजला काय ठाऊक," ती मला म्हणाली.

 मग हे म्हणाले, "त्या दिवशी पुरणाचे सुय्यम तळले होते." पाच वर्षांचे असतील तेव्हा.

"तूंच खाल्लेस सगळे," अक्का म्हणाली. "पाहुणे एकेक घेऊन उठले. तूं परातीपाशी बसून खाल्लेस आणि रात्रभर पोट धरून रडलास. आईला तुझ्यापायीं माझ्याकडे पाहायला वेळ झाला नाही, तें बरें झालें."

रेघ भरून संपली होती. पेन ड्राइव्ह काढून मी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. सुनेला फोन केला. तिने तो अर्धवट राहिलेला अपडेट काढून टाकायला लावला, कुठे जायचं आणि काय निवडायचं ते सांगत गेली, मी करत गेले. मग पुन्हा बंद, पुन्हा चालू. ठिपके फिरले, खाली लिहून आलं की केलेले बदल मागे घेत आहे, थांबा. ह्या वेळी हे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. शेवटी टुंग असा आवाज झाला आणि विठोबा-रखुमाई जागेवर आले.

ह्यांनी आधी तोच आकडा लावला. अक्काचा बातम्यांचा आवाज घरभर घुमला: "ही शेजारची कुणीतरी असावी. हिचं नाव मला आठवत नाही."

अक्का स्वतःचं बोलणं कान देऊन ऐकत होती. "खोटेंसुद्धा किती शुद्ध बोलत्यें," म्हणाली.

आवाज पुसून टाकायचा का, असं ह्यांनी विचारलं. असूं दे, म्हणाली, आणि कापी मागितली. सगळं परत मिळालं होतं. ज्याच्यासाठी तीन दिवस जीव टांगणीला लागला होता ते सगळं, एकही आकडा न गळता. मी त्या रात्री पेन ड्राइव्हवरून बरंच ऐकलं. शिक्षक होते. फार धार्मिक होत्या. स्वभावाने शांत होते. ज्यांना भोवरा ठाऊक नाही त्यांना त्यात काय कमी आहे ते कळणार नाही.

दोनतीन दिवस गेले. दुपारी निजून उठल्यावर मी माइक काढला, त्याची वायर सोडवली आणि अक्काला विचारलं, पुन्हा एकदा सांगायचं का सगळं, त्या दिवशी सांगितलं तसं.

झोपाळ्याची कडी वाजत होती. "आज बहिरें आहे का तें?"

ह्यांनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. म्हणता आलं असतं. अक्काला दिसत नव्हतं, माइकचा दिवा लागलाय की नाही हे तिला मी सांगेन तेच. दोन फोटोंनंतर ती पाय वर घेऊन बसली असती आणि आम्हाला हवं ते मिळालं असतं. पण दिसत नसलेल्या माणसाला काय काय समोर आहे ते खरं सांगायचं, एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं सगळं चाललेलं आहे. तिच्या ताटात कोणती भाजी कुठे वाढली आहे इथपासून.

"नाही अक्का," मी म्हटलं. "आज ऐकतंय."

"कोण ऐकणार पुढें?"

"ते मला ठाऊक नाही. नातवंडं ऐकतील. तिकडचंही कुणी ऐकेल."

"हंसतील."

"हसतील कुणी कुणी."

तिने बराच वेळ झोका घेतला. एकदा पदर खांद्यावर ओढला, पुन्हा सोडला. मग पाय वर घेतले.

"ऐकूं दे," म्हणाली. "तो फोटो आधीं काढ."

मी फोटो काढला, आणि माइकचं बटण दाबायला हात नेला तेव्हा समोरचं घड्याळ दिसलं. मंगळवार होता, साडेतीन वाजून गेले होते. मंगळवारचा राहुकाळ तीनला लागतो. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही घड्याळ पाहिलेलं होतं, माझ्या आधी पाहिलेलं असणार.

"हे काही नवीन सुरू होत नाही," हे म्हणाले. "अक्का बोलतच होती." आणि उठून त्यांनी पंखा बंद केला, त्याची घरघर आवाजात भरते म्हणून.

मी बटण दाबलं आणि फोटोत काय आहे ते सांगायला लागले. मुलगी उभी आहे, उंच स्टूल, फुलदाणी, काळी साडी.

"काळी नव्हे," अक्का म्हणाली. "फोटोंत तशी आली. अरक्कू होती, लाखेसारखी लाल, आणि काठ पिवळा. थांब, मी सांगत्यें."